घरच्या घरी चहापानाचं डोहाळजेवण: तीस जणांचा चहा कसा निभवायचा?

डिसेंबरात वहिनीचं डोहाळजेवण आहे. पुण्यात, आमच्या टू बीएचकेमध्ये, दुपारी चार ते साडेसहा. पंगत नाही, फक्त चहा आणि सोबतचं खाणं. कल्पना वहिनीचीच. सातव्या महिन्यात भरल्या पोटी, फुलांचे दागिने घालून, तीन तास फोटोंसाठी बसायची तिची तयारी नाही. "डोहाळजेवणात जेवणच नाही म्हणजे काय?" हे आईचं बोलून झालंय. आता ती बटाटेवड्यांवर तडजोडीला तयार आहे.

माणसं तीसच्या आसपास. केटरर नको, सगळं घरीच करायचंय. हाताशी मी, आई, मावसबहीण आणि दादा (खुर्च्या लावणे व आयत्या वेळी दूध आणणे खातं). डोक्यात आहे ते असं: मटारच्या करंज्या, काकडी-चटणीचे सँडविच, कोथिंबीर वडी, नानकटाई आणि आईचे वडे.

आता अडलंय कुठे ते सांगते. तीस कप चहा एकदम गरम कसा द्यायचा? थर्मासमध्ये ठेवलेला दुधाचा चहा तासाभरात कसातरीच लागायला लागतो. दुसरं म्हणजे वहिनीची ग्लुकोजची तपासणी वर आली आहे, डॉक्टरांनी गोड बंद केलंय. तिच्याच कार्यक्रमात तिने सगळ्यांच्या बश्यांकडे बघत बसायचं, हे काही बरं नाही. तिसरं, पेढा-बर्फीच्या वाट्या तिला नकोत. मुलगा की मुलगी हा विषयच नको म्हणते. त्याऐवजी काय ठेवता येईल?

ओटी दिवेलागणीच्या आत भरून घेणार आहोत. पहिली ओटी काकूने भरायची, असं वहिनीने सांगून टाकलंय. काका गेल्यापासून काकू अशा वेळी मागे मागे राहते. यावर चर्चा नको, प्लीज.

आलंवेलची
काकूंचं वाचून बरं वाटलं. आता चहा.

दूध घालून ठेवूच नका. कोरा चहा आणि दूध वेगवेगळं सांभाळायचं. पहिल्या फेरीला शंभर मिलीचे तीस कप धरले तर दीड लिटर पाणी आणि पावणेदोन लिटर दूध पुरतं, आटायचं धरून. पावडर कपामागे एक लहान चमचा आणि वर थोडी. पाण्यात आलं ठेचून आधी चांगलं उकळू द्या, मग पावडर, मग गाळून नळवाल्या थर्मासमध्ये. मंडपवाल्याकडे तो भाड्याने मिळतो. कोरा चहा तासभर ठेवला तरी दुधाच्या चहासारखा बिघडत नाही. शेजारच्या शेगडीवर दूध मंद आचेवर. आठ-दहा जणींपुरतं लहान पातेल्यात एकत्र करायचं, एक उकळी, की ट्रे बाहेर. कच्चं आलं थेट दुधात किसू नका, दूध फाटतं. गुळाचा चहा करायचा मोह झालाच तर गूळ गॅस बंद केल्यावर घालायचा.

साखर पातेल्यात नको, साखरदाणी बाहेर ठेवा. वहिनीचा प्रश्न निम्मा तिथेच सुटतो.

मीनल_ठाणे
मला गरोदरपणात हाच त्रास होता, म्हणून लिहिते. एक गैरसमज आधी काढा: गूळ, खजूर, मध चालतो असं पाहुण्यांपैकी कुणीतरी नक्की म्हणेल. साखर त्यांनीही वाढते. तिच्यासाठी "शुगर-फ्री मिठाई" वगैरे शोधत बसू नका. मूगडाळीचा ढोकळा, पनीरची टिक्की, भाजलेले दाणे असं तिखटमीठच सगळ्यांसाठी ठेवा, म्हणजे तिची बशी वेगळी दिसणार नाही. नानकटाई एका कोपऱ्यात असू दे. तरी किती खायचं हे तिच्या डॉक्टरांना विचाराच.

चहा तिला चालेल, पण कौतुकाने जो तो कप हातात देणार. ब्रिटनच्या आरोग्यसेवेचा सल्ला दिवसाला २०० मिलिग्रॅम कॅफिनच्या आत राहण्याचा आहे, आणि मोठ्या मगभर चहात साधारण ७५ धरतात. आपले कप लहान असतात, दोन झाले तर काही बिघडत नाही. लोहाची गोळी मात्र चहाबरोबर नको, चहाने लोह नीट शोषलं जात नाही. हर्बल टी डॉक्टरांना विचारल्याशिवाय देऊ नका.

कोकणचा_काका
डोहाळजेवणाला सँडविच! ओटीत आता नारळाऐवजी पाव घालणार का?

धागाकर्ती
काका, नारळ आहे, खण आहे, पाच फळंही आहेत. तुम्ही या, तुमच्यासाठी पोहे करते.

जाईजुई
सँडविचमध्ये खरी मेख काकडीची. चकत्यांना मीठ लावून दहा मिनिटं ठेवा, पाणी पिळून काढा, आणि पावाच्या दोन्ही स्लाइसना आतून अगदी कडेपर्यंत लोणी लावा. नाहीतर चार वाजेपर्यंत पाव ओलाकच्च होतो. चटणीत थोडा चक्का मिसळा, छान लागतं. कापून झाले की ओलसर मलमलीत गुंडाळून झाकून ठेवा. कडा वाळल्या की ते कुणी उचलत नाही.

तळण एकच ठेवा. तीस जणं घरात, ओटी चालू, आणि एक बाई कढईशी अडकलेली, हे मी फार पाहिलंय. मटारची करंजी कोमट झाली तरी खाल्ली जाते, वडा थंड झाला की संपला. कोथिंबीर वडीचे उंडे आदल्या दिवशी वाफवून फ्रीजमध्ये, आयत्या वेळी कापून तव्यावर.

वाट्यांना पर्याय: पाच झाकलेल्या वाट्यांत पाच चवी. चिंच, आवळा, मीठ लावलेली बडीशेप, मिरचीचं लोणचं, सुकं खोबरं. डोळे मिटून ओळखायचं, आणि खेळायचं सगळ्यांनी, ऑफिसमधली मुलं आली तर त्यांनीही. फुलं शेवंतीची घ्या. निशिगंध सुंदर दिसतो, पण बंद खोलीत तो वास सगळ्यांनाच सोसतो असं नाही.

धागाकर्ती
चक्का आणि वेगळा कोरा चहा, दोन्ही वहीत लिहून घेतलं. नळवाला थर्मास उद्याच सांगून ठेवते. ढोकळा आला, नानकटाई कोपऱ्यात गेली. वडे गेल्याचं आईला अजून सांगितलेलं नाही. त्याची काही कृती आहे का?

आलंवेलची
वडे रद्द झाले असं म्हणूच नका. सारण सकाळी करून ठेवा आणि साडेसहानंतर, पाहुणे गेले की, घरच्यांसाठी गरम गरम तळा. कोकणच्या काकांनाही तेव्हाच बोलवा.