टीव्हीचा छोटा कॉम्प्युटर: आपल्या उन्हात बिनपंख्याचा की पंख्याचा?

वणीकर:
गावात बैठकीतल्या टीव्हीला जोडायला छोटा कॉम्प्युटर घ्यायचा, तर तो बिनपंख्याचाच घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. आवाजापेक्षाही रुईसाठी. भाव येईपर्यंत आमचा कापूस घरातच असतो. जुना डेस्कटॉप दोन वर्षांनी उघडला तर हीटसिंकवर, म्हणजे उष्णता बाहेर टाकणाऱ्या धातूच्या भागावर, रुईचा गादीसारखा थर. पंखा फिरत होता, हवा आत जातच नव्हती. आता इंटेल एन१०० प्रोसेसरची बिनपंख्याची पेटी आहे. २०२३ मध्ये आलेला हा प्रोसेसर ६ वॉटचा, म्हणजे कमी तापणारा. ॲल्युमिनियमचं कवच हेच हीटसिंक. बाबा रात्री सप्ताहातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग लावतात. बुवांनी आवाज खाली आणला तरी शब्द न् शब्द कळतो.

अकोटवाला:
भाऊ, रुईचं पटते. पण मे महिन्यात काय करता? आमच्या इकडं पारा ४५ च्या पार, वरून टिनाचं छत. बिनपंख्याच्या पेटीची उष्णता कवचातूनच बाहेर पडते. खोली ३० वरून ४५ वर गेली, की पेटीही जवळपास १५ अंशांनीच वर जाते. प्रोसेसर जळत नाही, १०५ अंशांजवळ स्वतःच वेग कमी करते, मान्य. पण बाजूच्या एसएसडीचं, म्हणजे फायली साठवायच्या चिपचं, काय? तेही तापून मंदावते. म्हणून मी लहान पंख्याची घेतली. उन्हाळाभर कूलर घरघरते, त्यात हा पंखा कोणाले ऐकू येते? पंधरा दिवसांतून एकदा ब्रश मारतो, झालं.

वणीकर:
कूलर चार महिने, बाकीचे आठ? आणि वेचणीच्या दिवसांत ब्रश घ्यायला फुरसत कोणाला असते? एसएसडीचं मात्र खरं आहे. म्हणूनच मी पेटी काचेच्या कपाटातून काढली आणि भिंतीवर, टीव्हीपासून वीतभर दूर लावली. टीव्हीच्या पाठीला लावू नका, तिथं टीव्हीची गरमी वेगळी. आणि फिरणारी हार्डडिस्क आत बसवू नका: कुरकुर तिचीच असते, शिवाय बहुतेकींची मर्यादा ६० अंशांच्या आसपास.

पुसदची ताई:
मला तर कॉम्प्युटरच पटत नाही. नेटवरून सिनेमे दाखवणारी, टीव्हीत खोचायची स्टिक घ्या. रिमोट एक, आईला कळतो. कॉम्प्युटरवर विंडोजऐवजी लिनक्स टाकलंत तर नेटफ्लिक्स ४के मध्ये दिसतच नाही. मांडीवर कीबोर्ड घेऊन टीव्ही बघायचा का?

अकोटवाला:
ताई, स्टिक नेट आहे तोवरच. लाईन गेली की थोड्या वेळानं टॉवरही बसते. इन्व्हर्टरवर टीव्ही चालते, पण पाहाल काय? आम्ही लग्नाच्या जुन्या कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवून कोडी नावाच्या व्हिडिओ ॲपमध्ये लावल्या. नेट लागत नाही, अन् पेटी दहा-पंधरा वॉट खाते. इथं वणीकर अन् मी एका बाजूचे.

वणीकर:
रिमोटबद्दल ताईंचं बरोबर आहे. एचडीएमआयच्या तारेतून टीव्हीच्या रिमोटची बटणं ओळखायची सोय, म्हणजे सीईसी, बहुतेक मिनी पीसींत, म्हणजे असल्या पेट्यांत, नसते. रास्पबेरी पाय नावाच्या तळहाताएवढ्या कॉम्प्युटरमध्ये असते. मी वेगळा रिमोट घेतला, आईला अजून जमत नाही.

पुसदची ताई:
मग रास्पबेरी पायच घ्यायला हवा होता, दादा. पंख्यावरून तुम्ही दोघं इतके भांडलात. दुपारी काम आटोपून टीव्ही लावते कोण, तिला घेण्याआधी विचारलं होतं का?