शब्दचर्चा : मेक्सिकोतील ‘आओरीता’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न

मेक्सिकोच्या दक्षिण भागातील वाहाका या शहरात मी नुकतीच चार आठवडे स्पॅनिश शिकून आले. नकाशावरचे जे नाव आपण ‘ओक्साका’ असे वाचतो, ते हेच शहर. १५३२ साली स्पेनच्या राजाने त्याला शहराचा दर्जा दिला आणि १९८७ साली त्याचा जुना भाग, जवळच्या मॉन्ते आल्बान येथील प्राचीन अवशेषांसह, युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेला. सकाळी वर्ग आणि उरलेला दिवस यजमान कुटुंबात, अशी माझी व्यवस्था होती. मराठी माणसाला पहिले दोन-तीन दिवस फार सोपे जातात, कारण पोर्तुगिजांकडून आपल्याकडे आलेले शब्द स्पॅनिश रूपात पुन्हा भेटतात : उदाहरणार्थ, ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, आपला ‘पगार’ तोच. यजमानीणबाईंचे घर ‘कोलोनिया रेफोर्मा’त होते, साम्राज्याची वसाहत आणि चार घरांची वस्ती या दोन्हींसाठी एकच शब्द वापरण्याची सोय त्यांच्या ‘कोलोनिया’त आहे तशी आपल्या ‘वसाहती’तही आहे, हे पाहून मौज वाटली.

‘आओरीता’ने मात्र माझी पंचाईत केली. शब्दकोशाप्रमाणे ‘आओरा’ म्हणजे आता, आणि त्याला लघुत्वदर्शक ‘ईता’ हा प्रत्यय लागून ‘आओरीता’, म्हणजे इवलेसे आता. त्यावरून मी तो ‘ताबडतोब’ या अर्थाने घेतला. वीस नोव्हेंबर या नावाच्या बाजाराजवळ चॉकलेट दळून देणाऱ्या गिरण्या आहेत. तेथे कोकोच्या भाजलेल्या बिया, बदाम, दालचिनी आणि साखर आपल्यासमोर मोजून यंत्रात टाकतात आणि खालून काळपट, कोमट लगदा परातीत पडतो. मी माझे दळण दिले, तेव्हा गिरणीवाला म्हणाला, ‘आओरीता साले’, म्हणजे ‘आत्ता निघेल’. (या क्रियापदाचा उच्चार खरोखरच ‘साले’ असा आहे; पहिल्यांदा ऐकले तेव्हा मी दचकले होते.) मी तेथेच उभी राहिले. माझ्या पुढे तीन गिऱ्हाइकांचे दळण होते, मधे एकदा यंत्र थांबवून पुसले गेले, आणि पाऊण तासाने माझी पिशवी हातात आली. त्याच्या चेहऱ्यावर दिलगिरीचा मागमूसही नव्हता आणि भोवतीच्या बायकांना त्यात वावगे काही वाटले नव्हते. हा शब्द मराठीत आणायचा झाल्यास ‘आत्ता’, ‘लगेच’, ‘थोड्या वेळाने’ की ‘कधीतरी’?

पहिला प्रतिसाद

‘आत्ता’ पुरेसे आहे, असे माझे मत आहे. ‘आता’ आणि ‘आत्ता’ यांत आपण जो भेद करतो, तो ‘आओरा’ आणि ‘आओरीता’ यांच्यातील भेदाच्या बराच जवळ जातो. फरक इतकाच की त्यांनी शब्द लहान करून जे साधले, ते आपण अक्षराला द्वित्त देऊन साधतो. शिवाय दोन्ही शब्द काळाच्या दोन्ही अंगांना वळतात. ‘आओरीता येगो’ म्हणजे ‘आत्ता आला’ आणि ‘आओरीता येगा’ म्हणजे ‘आत्ता येईल’. एक सावधगिरी मात्र हवी : हा अर्थ मेक्सिकोचा आहे. प्वेर्तो रिको आणि डोमिनिकन प्रजासत्ताकात ‘आओरीता’ म्हणजे सरळ ‘नंतर’, आणि स्पेनमध्ये या क्षणी असे म्हणायचे असेल तर ‘आओरा मिस्मो’ म्हणतात.

दुसरा प्रतिसाद

वरच्या प्रतिसादातील काळाचा मुद्दा मान्य आहे. परंतु ‘आओरीता’ हा मुळात काळ सांगणारा शब्द आहे असे समजणे हीच शिकणाऱ्याची पहिली चूक असते, आणि मीही ती वर्षभर केली. मेक्सिकन माणूस घरातून थोड्या वेळासाठी बाहेर पडताना दारातून म्हणतो, ‘आओरीता बेंगो’. शब्दशः अर्थ ‘आत्ता येतो’. इंग्रजीतून शिकणारा येथे गोंधळतो, कारण माणूस जातो आहे आणि तोंडाने येण्याची गोष्ट करतो आहे. मराठी माणसाने गोंधळण्याचे कारण नाही. आपण निघताना ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो, आणि चुकून ‘जातो’ म्हटले तर घरातील वडीलधारी माणसे ‘येतो म्हणावे’ असे सांगतात. त्याहून जवळचे रूप ‘आलोच’ हे आहे. व्याकरणाने पाहिले तर ते भूतकाळाचे रूप आहे आणि बोलणारा अजून गेलेलाही नसतो. होणारी गोष्ट झालीच असे धरून चालायचे आणि समोरच्याला निश्चिंत करायचे, एवढाच त्या रूपाचा हेतू. ‘आलोच’ म्हणून गेलेला माणूस किती मिनिटांनी परत येतो, हे आपण घड्याळ लावून मोजत नाही.

आता ‘ईता’ या प्रत्ययाविषयी. स्पॅनिशमध्ये तो लहानपणा दाखवतो, पण मेक्सिकोत त्याचा वापर लहानपणापेक्षा आर्जवासाठी अधिक होतो. नावाटल या मेक्सिकोतील मूळ रहिवाशांच्या भाषेतील ‘त्सिन’ हा प्रत्यय आदर आणि लडिवाळपणा या दोन्हींसाठी वापरला जातो, आणि मेक्सिकन स्पॅनिशमधील या सवयीचे मूळ काही अभ्यासक तेथे शोधतात. ‘काफेसीतो घेणार का?’ असे विचारल्यावर येणारा कॉफीचा पेला चांगला मोठा असतो. आपल्याकडे असे प्रत्यय बोलण्यात फारसे उरलेले नाहीत. आपण तेच काम मापाच्या शब्दांनी करतो. ‘घोटभर चहा घ्या’ म्हटले म्हणून कोणी एकच घोट देत नाही, आणि ‘दोन घास खाऊन जा’ या आग्रहानंतर पाहुण्याचे पान पुरते वाढले जाते. ‘जरा’ या शब्दाचेही तेच आहे. त्यामुळे ‘आओरीता’तील ‘ईता’ मराठीत आणायचा असेल, तर ‘आत्ता’पेक्षा ‘जरा’, ‘एवढ्यात’ आणि शब्दाच्या शेवटी लागणारा ‘च’ ही सामग्री अधिक उपयोगी पडेल. गिरणीवाल्याचे ‘आओरीता साले’ मी ‘होतंच आहे, ताई’ असे मराठीत आणीन. दळणाच्या डब्यांची रांग लागलेली असताना आपला गिरणीवाला तरी याहून वेगळे काय म्हणतो?

आणखी एक उपयोग येथे नोंदवण्यासारखा आहे. वाहाकाच्या मुख्य चौकात बाकावर बसलेल्या माणसाकडे दर पाच मिनिटांनी कोणीतरी शाली, लाकडी कंगवे, शेंगदाणे घेऊन येते. (या चौकाला ‘सोकालो’ म्हणतात आणि त्याचा मूळ अर्थ जोते असा आहे. मेक्सिको शहराच्या चौकात १८४३ साली स्वातंत्र्यस्मारक उभारण्याचे ठरले, जोते झाले, स्मारक झालेच नाही, आणि लोकांनी चौकालाच जोते म्हणायला सुरुवात केली.) शिकाऊ परदेशी माणूस त्या विक्रेत्यांना नुसते ‘नो’ म्हणतो आणि ते कानाला टोचते. स्थानिक माणूस म्हणतो, ‘आओरीता नो, ग्रासियास’. हे हुबेहूब आपले ‘आत्ता नको’ आहे. ‘नको’ला ‘आत्ता’ लावले की नकाराची धार जाते, आणि नंतर घेण्याचा विचार दोघांच्याही मनात नसतो, हे दोघांनाही ठाऊक असते.

मूळ प्रश्नकर्ती

दुसऱ्या प्रतिसादाबद्दल विशेष आभार. ‘आलोच’ मला सुचायला हवे होते. त्या निमित्ताने एक प्रसंग आठवला. यजमानीणबाई स्वयंपाकघरातून काहीतरी म्हणाल्या आणि मला नीट ऐकू आले नाही, म्हणून मी ‘के?’, म्हणजे ‘काय?’, असे विचारले. त्या काही बोलल्या नाहीत, परंतु जेवताना त्यांच्या दहा वर्षांच्या नातवाने मला गंभीरपणे समजावले की मोठ्या माणसाला ‘के’ म्हणायचे नसते, ‘मांदे’ म्हणायचे असते. ‘मांदे’ हे आज्ञा देणे या अर्थाच्या क्रियापदाचे आदरार्थी रूप आहे. म्हणजे शब्दशः ‘आज्ञा करावी’. गुलामीच्या काळाची खूण म्हणून तो टाकून द्यावा, असे म्हणणारे मेक्सिकन लोक आहेत आणि ही केवळ घरची रीत आहे असे म्हणणारेही आहेत. मला तो ऐकताना आपला ‘ओ’ आठवत असे. हाक आली की ‘काय’ न म्हणता ‘ओ’ द्यावी, हे मला लहानपणी असेच दटावून शिकवले गेले होते.

दुसरी शंका अशी की त्याच घरात ‘आओरीता’वर आणखी एक ‘ईत’ चढवून ‘आओरितीता’ असाही शब्द ऐकला. मुलगा खेळ सोडून उठत नसेल आणि आजी तिसऱ्यांदा हाक मारत असेल, तेव्हा तो हे म्हणे, आणि बहुधा खरोखर उठे. लघुत्वाचा प्रत्यय दोनदा लावल्यावर वेळ खरोखरच लहान होतो, असे समजावे काय?

दुसऱ्या प्रतिसादाचे लेखक

होय, येथे प्रत्यय पुन्हा काळावर काम करू लागतो, आणि ‘आओरितीता’ला बहुधा घड्याळही मान्यता देते. मात्र वाढत्या पायऱ्या म्हणून ‘आत्ता’च्या पुढे ‘आत्ताच्या आत्ता’ घेऊ नये, कारण ते रूप हुकूम देणाऱ्याच्या तोंडी शोभते, हुकूम टाळणाऱ्याच्या नव्हे. ‘आओरीता बेंगो’ला ‘आलोच’ म्हटले, तर ‘आओरितीता बेंगो’ला मी ‘हा काय आलोच’ म्हणेन. त्यातील ‘हा’ उच्चारताना मुलाने निदान एक पाय उचललेला असतो.