उसाचं पाचट (तोडीनंतर रानात राहणारा वाळका पाला) जाळणाऱ्याला दंड लावा म्हणणाऱ्यांसाठी, सांगली जिल्ह्यातल्या वाळव्यातनं

वाळव्याचा खोडवा:
परवा मिरजकरांनी लिहिलं होतं, "पंजाब-हरियाणासारखा एकरावर दंड लावा, दोन हंगामात पाचट जाळणं बंद होईल, शेतकऱ्याला फुकटची सवय लागलीय." बाकीचं सोडून दिलं असतं, पण ते 'फुकटची' वाचून डोकं फिरलं म्हणून लिहितोय. लांबलंय, वाचा.

माझं अडीच एकर, नदीकाठचं काळं रान. आधी मी पण पेटवायचो, लपवत नाही. काडी ओढली की तासाभरात रान मोकळं आणि पाणी पाटानं सरळ शेवटच्या सरीपर्यंत. पाचट ठेवलं की पाणी जागोजागी तुंबतं, बारं फुटतं, आणि लाईट निम्मा आठवडा रात्रीची, त्या पाचटातनं बॅटरी घेऊन घोणस चुकवत पाणी कोण पाजणार? माझा चुलता पाजत होता, त्याला चावली, वाचला पण पाय अजून धड नाही. शेतकरी पेटवतो ते अशा कारणांनी.

2019 चा महापूर ओसरल्यावर माती तपासली, सेंद्रिय कर्ब 0.38 टक्के निघाला, म्हणजे कमी. तेव्हा पोटात गोळा आला. एकरी तीन-चार टन पाचट निघतं, ते जाळलं की नत्र सगळं हवेत, गांडूळ मेलं, राख वाऱ्यावर. तेव्हापासून जाळत नाही. तोडलेल्या उसाचे बुडखे जमिनीलगत छाटतो, पाचट एक सरी आड ओढून घेतो, कुजवायचं जिवाणू टाकतो. पण हे करायला मजूर लागतात, नाहीतर पाचट बारीक करणारं ट्रॅक्टरचं कुट्टी मशीन. गेल्या साली एकरी तीन हजार मोजले आणि ते मशीन पंचवीस दिवसांनी आलं, तोवर खोडव्याला, म्हणजे बुडख्यातनं परत येणाऱ्या उसाला, फुटवे यायला लागले होते.

दंड नको असं नाही, पण पहिला दंड माझ्यावर कशाला? ऊस कधी तुटणार ते कारखाना ठरवतो, तोडणाऱ्यांची टोळी कारखान्याची, तोडीची चिठ्ठी देणारा चिटबॉय कारखान्याचा, बिलातनं सोसायटीचं कर्ज कापणार कारखाना, पाणीपट्टी कापणार कारखाना. मग तोडीनंतर आठ दिवसात कुट्टी मशीन पाठवायचं आणि त्याचे पैसे बिलातनं कापायचे, हे पण कारखान्यालाच सक्तीचं करा. त्यानंतर मी पेटवलं तर माझा सातबारा घेऊन जा.

मिरजकर:
'फुकटची सवय' हे शब्द मागे घेतो. दंडाचं मागे घेत नाही.

माझ्या आईला सीओपीडी आहे, फुफ्फुसाचा जुनाट आजार. जानेवारीत संध्याकाळी सहा-सातला चारी बाजूनं पेटतं, थंडीत धूर वर जातच नाही, खालीच पसरून राहतो. रात्री दोनला नेब्युलायझर लावून बसतो मी. सांगली 2019 पासून राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रमाच्या यादीत आहे, म्हणजे आमची हवा निकषात बसत नाही हे सरकारनंच मान्य केलंय. हवा कायदा 1981 चा, त्याच्या कलम 19 खाली राज्य सरकार एखाद्या भागात जाळण्यावर बंदी घालू शकतं. कायदा आहे, लावायची इच्छा नाही. पाचट जाळू नका म्हणून मी कॉलेजात असल्यापासून मेळावे चाललेत, पत्रकं वाटतात, चहा होतो आणि संध्याकाळी परत धूर. तुम्ही 2019 ला सुधारलात, चांगलं झालं. शेजारचा कधी सुधारणार?

शिराळकर:
आवो मिरजकर, ऊस काय मिरजेच्या चौकात पिकतो काय? शहराची हवा खराब हाय ती गाड्यांनी, भट्ट्यांनी. आमच्याकडं हायवेच्या सहापदरीची धूळ बघा, कारखान्याच्या चिमणीची काजळी बघा, वाळत टाकलेली धोतरं काळी हुत्यात. त्याला दंड लावताना कुणाचा हात उठत न्हाई, आमच्याच काडीवर सगळ्यांचा डोळा.

मिरजकर:
चिमणीलाही लावा, भट्टीलाही लावा, कोण नको म्हणतंय. चिमणी काळी आहे म्हणून आईनं पाचटाचा धूर गिळावा का?

पलूसची ताई:
मी शेतकऱ्याचीच बायको आहे आणि मी मिरजकरांच्या बाजूनं आहे. शेजारच्यांनी भर दुपारी वारं सुटलेलं असताना पाचट पेटवलं आणि आमची एक एकराची ठिबक जळाली, लॅटरल वितळून सरीला चिकटल्या होत्या. कडेचा आंबा गेला, सासऱ्यांनी लावलेला. भरपाई मागायला गेलो तर "वहिनी, मुद्दाम केलं का" म्हणाले. मुद्दाम नाही केलं, पण नळ्या माझ्याच गेल्या ना? पोलिसात जायचं म्हटलं तर भावकी आडवी. दंडाचा नियम असता तर मला भावकीशी भांडावं लागलं नसतं, तलाठ्यानं पंचनामा केला असता.

वाळव्याचा खोडवा:
ताई, हे मात्र खरं आहे. भर दुपारी वाऱ्यात पेटवणाऱ्याला काहीच सूट नको, त्याला मशीन मिळो न मिळो.

कृषी पदवीधर:
सगळे धुरावर बोलताय म्हणून एक सांगतो. शेतीतलं हवेचं प्रदूषण म्हणजे फक्त धूर नाही, युरियाचा अमोनिया पण आहे, तो दिसत नाही म्हणून कुणी बोलत नाही. पाचट ठेवलं आणि त्याच्यावर युरिया नुसता फेकून दिला, पाणी दोन दिवसांनी आलं, की त्यातलं बरंचसं नत्र अमोनिया होऊन उडतं. पाचटावर तर उघड्या जमिनीपेक्षा जास्तच उडतं. तोच अमोनिया गाड्यांच्या आणि चिमण्यांच्या धुरातल्या आम्लांशी मिसळून बारीक कण होतात, जे थेट फुफ्फुसात जातात. युरिया निमकोटेड आहे म्हणून उडत नाही हा गैरसमज आहे, निंबोळी पुढची क्रिया सावकाश करते, अमोनिया थांबवत नाही. पाचट कुजवायला हेक्टरी 80 किलो युरिया सांगतात तो टाकला की लगेच पाणी द्या, आणि नंतरचे हप्ते पहारीनं बुडाशी भोक घेऊन मातीआड करा. बॅगमागं पैसे वाचतील आणि हवा पण.

शिराळकर:
पहारीनं! बाईला रोज काय द्यावा लागतोय म्हाईत हाय का साहेब?

कृषी पदवीधर:
माहीत आहे, माझ्या घरीही ऊस आहे आणि पहार मी स्वतः मारतो. खोडव्याला दोनच वेळा मारायची असते.

कडेगावचा:
दंडाचं बोलताय तर हे पण ऐका. पाचट सोडा, उभा ऊस कोण पेटवतं? टोळी! आमचा आडसाली सोळा महिन्यांचा, दोन एकर, तोडीची वाट बघून डोळं पांढरं झालेलं. टोळी आली, एकरी खुशाली, म्हणजे तोडीसाठी वरचे पैसे, मागितली, मी म्हणलं कारखान्याला विचारतो. झालं, तिसऱ्या रात्री फड पेटला. मग हेच लोक दोन दिवसात तोडून मोकळे, कारण पाला सोलायचाच नाही. कारखान्यानं जळीत म्हणून कपात केली, वजन घटलं ते वेगळं. शिवाय ट्रॅक्टरवाल्याचे वरचे पैसे, त्याला एंट्री म्हणतात. आता तुमच्या नियमात धुराचा दंड कुणाला? सातबारा माझा म्हणून मलाच ना?

तोडीतला पोरगा:
मी बीडचा. आई-बापासोबत सहा हंगाम तुमच्याच जिल्ह्यात कोयता धरलाय, आता शिकतोय. दादा, तुमचा फड टोळीनंच पेटवला हे तुम्ही बघितलं का? आमच्या टोळीला दोन ठिकाणी मालकानंच सांगितलंय, पेटवतो, लवकर तोडा, तोडीच्या स्लिपचा नंबर जाईल. जळका ऊस तोडून बघा एकदा. काजळी नाकातोंडात, रात्री थुंकी काळी पडते, पाण्याचा पत्ता नाही, आई तशाच हातानं भाकरी थापायची. माझ्या बहिणीला दोन वर्षांची असताना दम लागायचा, आमच्या कोपीच्या, म्हणजे झोपडीच्या, चारी बाजूला पाचट पेटलेलं. प्रदूषणाचं सगळ्यात पहिलं गिऱ्हाईक आम्ही आहोत आणि तुम्ही आम्हालाच चोर ठरवता.

कडेगावचा:
खुशाली घेत नाही म्हणा की मग. हिंमत असेल तर म्हणा.

तोडीतला पोरगा:
घेतात. खोटं बोलणार नाही. माझ्या बापाच्या हातात त्यातलं किती आलं विचारा. टोळीच्या मुकादमाकडनं आगाऊ घेतलेली उचल फेडता फेडता हंगाम संपतो. 2024 च्या जानेवारीत तोडणीच्या दरात 34 टक्के वाढ झाली, ती पण संप केल्यावर. दर नीट असता तर खुशाली मागायची वेळ आली असती का?

शिराळकर:
म्हंजे दर कमी म्हणून शेतकऱ्याला लुटायचं? आमाला कोण दर देतंय नीट? मुकादम ट्रॅक्टरवाल्याची लाखाची उचल घेऊन पळून जातोय त्याचं काय?

तोडीतला पोरगा:
पळून गेलेल्या मुकादमापायी ट्रॅक्टरवाल्यांनी आमच्यातल्या लोकांना डांबून ठेवलंय तेही सांगा मग, अर्धंच सांगू नका.

कडेगावचा:
कोण डांबतंय? उगाच जिल्ह्याची बदनामी करू नका, इथं तुमचं पोट भरतंय.

पलूसची ताई:
कडेगावच्या दादा, पोट त्यांचं भरतंय आणि ऊस आपला तुटतोय, दोन्हीकडून आहे ते. पोराला असं बोलू नका. खुशालीचा त्रास मलाही झालाय, गेल्या वर्षी एकराला पाच हजार दिलेत, वर कोंबडं. पण त्याच्या बहिणीच्या छातीत गेलेला धूर आणि मिरजकरांच्या आईच्या छातीतला धूर एकच आहे.

तासगावकर:
हार्वेस्टर आणा, टोळीही नको खुशालीही नको.

वाळव्याचा खोडवा:
हार्वेस्टरला साडेचार फुटी सरी लागते, माझी साडेतीनची आहे, आणि वीस गुंठ्याच्या तुकड्यात ते धूड वळणार कुठं? शिवाय उसाबरोबर गेलेल्या पाल्याची वजनात वजावट. मोठ्या रानाला ठीक आहे.

कृषी पदवीधर:
ब्राझीलचं सांगतो, तिथंही हातानं तोडायचं म्हणून आधी ऊस पेटवायचे. साओ पाउलो राज्यानं 2002 मध्ये कायदा केला, मशीन चालेल अशा रानात 2021 पर्यंत जाळणं बंद, बाकीच्यात 2031 पर्यंत. पुढं 2007 मध्ये कारखान्यांनी सरकारशी करार केला आणि मुदत 2014 आणि 2017 वर आणली. म्हणजे जबाबदारी कारखान्यांनी उचलली तेव्हा वेग आला, वाळव्याच्या दादांचं म्हणणं त्यात बसतं. पण कायदा आधी झाला होता, हे मिरजकरांचं. आणि हातानं तोडणाऱ्यांची कामं गेली, तेही झालं.

तोडीतला पोरगा:
ते शेवटचं वाक्य कुणी लक्षात ठेवणार नाही इथं.

मिरजकर:
मी ठेवलंय. तुझ्या बहिणीचं वाचून गप्प बसलो होतो. मी धूर फक्त माझ्या खिडकीतनं बघत होतो हे कबूल करतो.

पण दादा, तुमच्या योजनेत एक भोक आहे. कारखान्यानं आठ दिवसात मशीन नाही पाठवलं तर? तुम्ही पेटवणार आणि कारखान्याकडं बोट दाखवणार. म्हणून दोघांना दंड हवा, कारखान्याला मशीनच्या उशिराचा, शेतकऱ्याला आगीचा. पंजाब-हरियाणाचा, दिल्लीकडचा दंड 2024 च्या नोव्हेंबरात दुप्पट झाला, दोन एकराच्या आत 5 हजार, दोन ते पाचला 10 हजार, पाच एकराच्या वर 30 हजार. इथं तेवढा नको, पण शून्यही नको.

वाळव्याचा खोडवा:
त्या हिशोबानं मला 10 हजार बसतात, मशीनला माझे साडेसात हजार गेले. हे आकडे शेजारी ठेवले की मशीन परवडतंय हे मलाही दिसतंय, तुमच्या बाजूनं बोलावं लागतंय म्हणून जीवावर आलंय. पण मशीन आलं पाहिजे! आठ दिवसात नाही आलं तर कारखान्याचा दंड त्याच शेतकऱ्याच्या बिलात जमा करा, सरकारी तिजोरीत नको. एवढं लिहून दिलं तर आगीचा दंड मी ग्रामसभेत स्वतः मांडतो.

शिराळकर:
ग्रामसभेत मांडा, मी ईरोध करणार. आमच्या डोंगराकडंच्या पट्ट्यात ट्रॅक्टरच चढत न्हाई, तितं काय करायचं ते आदी सांगा.

कृषी पदवीधर:
तिथं कुट्टी करायची गरजच नाही, बुडखे छाटून पाचट आहे तसं एक सरी आड ओढायचं, पाणी मोकळ्या सरीनं द्यायचं.

शिराळकर:
आन् उंदरं? पाचटाखाली उंदरं किती हुत्यात बघितलंय का?

वाळव्याचा खोडवा:
होतात. पहिल्या वर्षी मला पण झाली, दहा-बारा सऱ्या कुरतडल्या. तुमचं रान कुठं आहे ते सांगा, रविवारी येतो बघायला. माझं पण येऊन बघा, तिसरा खोडवा उभा आहे, पाचट वर केलं की गांडूळं दिसतात.

शिराळकर:
या. पण जेवून जायला लागंल.

कडेगावचा:
आणि खुशालीचं काय ठरलं? ते कुणीच बोलत नाही.