मदत हवी आहे : वसतिगृह आणि मेसच्या खर्चासाठी परतफेड नसलेली मदत

राजापूर तालुक्यातल्या एका मुलीसाठी विचारतोय. कुणबी समाज, ओबीसी दाखला आहे. वडील आंब्याच्या हंगामात बागेत, पावसात लावणीच्या मजुरीला. कॅप राउंडमधून (सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून) मुंबईत इंजिनिअरिंगला प्रवेश मिळालाय. घरचे शैक्षणिक कर्ज काढायला निघालेत, त्यांना थांबवलंय.

फीचा प्रश्न बहुतेक सुटतो. 2024-25 पासून 8 लाखांच्या आतल्या उत्पन्नाच्या ओबीसी मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमात शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला ते लागू नाही, म्हणून कॅपचं अलॉटमेंट लेटर जपून ठेवायला सांगितलंय. पण राहणं-जेवण त्यात येत नाही, आणि मुंबईत तोच खर्च जड.

अडचणी दोन. खातं गावच्या पतसंस्थेत आहे. महाडीबीटीचे (राज्य सरकारच्या शिष्यवृत्ती पोर्टलचे) पैसे आधारशी जोडलेल्या बँक खात्यातच येतात, तेव्हा पोस्ट पेमेंट्स बँकेत तिच्या नावे खातं उघडून आधार सीडिंग करतोय. दुसरी जास्त त्रासाची : उत्पन्नाच्या दाखल्यावर वडील ‘दत्ताराम’, दहावीच्या मार्कशीटवर ‘दत्तात्रय’. नुसत्या प्रतिज्ञापत्रावर कॉलेजची छाननी पार पडते का, की गॅझेटच (राजपत्रात नावबदलाची नोंद) करावं लागतं? ताजा अनुभव असेल त्यांनीच सांगा, वेळ फार थोडा आहे.

शिवाय ओबीसी विद्यार्थ्यांना राहण्या-जेवणासाठी पैसे देणाऱ्या सावित्रीबाई फुले आधार योजनेत भाड्याची खोली दाखवताना भाडेकरार कसा लागतो, साधा की नोंदणीकृत? मुंबईत कोकणातल्या मुलींना घेणारं एखाद्या ट्रस्टचं वसतिगृह माहीत असेल तर तेही कळवा.