अमृतधारेच्या तळाशी खडे राहिलेत. रोल-ऑन आणि बामसाठी प्रमाण किती घ्यावं?

कोरांटी:
कापूर, ओव्याचं फूल आणि पेपरमिंटचं फूल प्रत्येकी १० ग्रॅम कुटून काचेच्या बाटलीत एकत्र केलं. कापूर म्हणून देवापुढे लावायच्या वड्याच वापरल्या. चार तासांनी बराचसा भाग पातळ झाला, पण तळाशी पांढरे खडे तसेच आहेत आणि बाटली हलवली की सगळं गढूळ दिसतं. यातून तीन गोष्टी करायच्या आहेत: डोकेदुखीसाठी रोल-ऑन, सर्दीत छातीला लावायला बाम आणि गुडघ्यांना चोळायला तेल. घरात ४ वर्षांचा मुलगा आहे आणि सासूबाईंना वॉरफरिन (रक्त पातळ ठेवणारं औषध) चालू आहे. प्रमाण, आणि कुणाला काय चालणार नाही, दोन्ही सांगा.

खलबत्ता:
चूक प्रमाणात नाही, कापरात आहे. पूजेच्या वड्या जाळण्यासाठी केलेल्या असतात, औषधी दर्जाच्या नसतात. त्यात काय मिसळलंय हे पाकिटावरून कळत नाही आणि जे विरघळत नाही ते तळाशी बसतं. गाळून घेतलं तरी ते त्वचेला लावू नका. काष्ठौषधीच्या दुकानातून भीमसेनी कापूर किंवा आयपी (इंडियन फार्माकोपिया, म्हणजे औषधी) दर्जाचा कापूर आणून नव्याने करा.

ओव्याचं फूल म्हणजे थायमॉल, ते साधारण ५० अंशांना वितळतं. पेपरमिंटचं फूल म्हणजे मेंथॉल, ते ४२ अंशांच्या आसपास, आणि कापूर तर १७५ अंशांच्या पुढे. तरी तिन्ही एकत्र आले की एकमेकांची स्फटिकांची घडी मोडतात आणि वितळण्याचा बिंदू खोलीच्या तापमानाच्याही खाली येतो. त्यामुळे आच लागतच नाही. खलात कापूर आणि ओव्याचं फूल आधी घोटा. दोन-तीन मिनिटांत भुकटी ओलसर होऊन बत्त्याला चिकटायला लागते, मग कडेने चकाकते. तेव्हा मेंथॉल घाला. बाटलीत भरून झाकण लावा आणि अधूनमधून हलवा. थंडीत वेळ लागला तर बाटली कोमट पाण्याच्या वाटीत उभी करा. गॅसवर कधीही नाही, वाफ पेट घेते.

गढूळपणाचं दुसरं कारण ओली बाटली. धुतल्यावर पूर्ण वाळली नसेल तर पाण्याचे बारीक थेंब तसेच तरंगत राहतात. ३० ग्रॅमचे सुमारे ३० मिली होतात, तेव्हा गडद रंगाची ५० मिलीची काचेची बाटली पुरते. रबराचा ड्रॉपर मात्र लावून ठेवू नका. रबर फुगून चिकट होतं आणि त्याचा वास उतरतो. प्लॅस्टिकच्या बाटलीलाही हेच मिश्रण खातं.

मोजूनमापून:
खलबत्ता यांनी कृती नेमकी दिलीय. आता पातळ करायचं प्रमाण. यात सगळ्यात तिखट घटक थायमॉल, त्यामुळे मर्यादा तोच ठरवतो. लावायच्या तेलात तो १ टक्क्याच्या पुढे नेऊ नका. अमृतधारेत थायमॉल एक तृतीयांश, म्हणजे अमृतधारा जास्तीत जास्त ३ टक्के.

बामसाठी ४० ग्रॅम खोबरेल आणि १० ग्रॅम मधमाशांचं मेण उकळत्या पाण्यावर ठेवलेल्या भांड्यात वितळवा. उतरवल्यावर लगेच अमृतधारा ओतलीत तर निम्मा वास खोलीभर पसरेल आणि बाम फिका होईल. भांड्याच्या कडेला पांढरट धुरकट रेघ धरायला लागली, की १.५ मिली अमृतधारा घालून भराभर ढवळा आणि डबीत ओता. जास्त थांबलात तर गुठळ्या होतात. परत हलकं गरम करून सुधारता येतं.

गुडघ्यांसाठी १०० मिली तिळाच्या तेलात ३ मिली.

थेंब मोजू नका. एका मिलीला २० थेंब धरतात खरे, पण बाटलीच्या तोंडाप्रमाणे आणि तेलाच्या जाडीप्रमाणे थेंब लहानमोठा होतो. औषधाच्या दुकानात बिनसुईची १ मिलीची सिरिंज मिळते, तीच वापरा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून २४ तास बघा. आग झाली तर नुसत्या पाण्याने जात नाही. आधी साधं खोबरेल लावून पुसा, मग साबण.

डोकेदुखीला मात्र मी अमृतधारा सुचवणार नाही. कपाळावर थायमॉलची गरजच नाही. ताणाच्या डोकेदुखीवर जर्मनीत १० टक्के पेपरमिंट तेलाचं अल्कोहोलमधलं द्रावण कपाळाला आणि कानशिलांना लावतात. घरच्या रोल-ऑनसाठी १० मिलीच्या बाटलीत ०.५ मिली पेपरमिंट तेल, बाकी बदाम तेल, म्हणजे ५ टक्के. भुवयांपासून दोन बोटं वर लावा, नाहीतर वाफेने डोळ्यांना पाणी सुटतं.

मावळतीचा वारा:
ही प्रमाणं मोठ्यांसाठी आहेत. कोरांटीताई, मुलाला यातलं काहीही लावू नका. लहान मुलांना कापराने फिट येऊ शकते. तान्ह्या बाळांच्या नाकापाशी मेंथॉल लावल्याने श्वास अडकल्याची उदाहरणं आहेत. अमेरिकेत विक्रीच्या बामांमध्ये कापूर ११ टक्क्यांच्या वर चालत नाही. तुमच्या मूळ बाटलीत तो ३३ टक्के आहे. पोटात गेला तर एक-दोन वर्षांच्या मुलाला एक ग्रॅम कापूरही जीवघेणा ठरू शकतो, आणि तेवढा या मिश्रणाच्या ३ मिलीतच येतो. बाटली कुलपात ठेवा, देवघरात किंवा उशीखाली नको. चुकून प्यायलं गेलं तर उलटी करवू नका. फिट काही मिनिटांतच येऊ शकते, म्हणून बाटली बरोबर घेऊन थेट दवाखाना गाठा. मुलाच्या सर्दीला मिठाच्या पाण्याचे नाकात घालायचे थेंब पुरतात.

मोठ्यांपैकी कुणाला फिट येत असेल तर त्यांच्यासाठीही कापूर आणि निलगिरी दोन्ही बंद. बंगळूरच्या डॉक्टरांनी यावर अभ्यास प्रसिद्ध केले आहेत.

सासूबाईंच्या बाबतीत खरा धोका अमृतधारेपेक्षा विकतच्या सांधेदुखीच्या तेलांत असतो. त्यात बऱ्याचदा गंधपुऱ्याचं तेल, म्हणजे मिथाइल सॅलिसिलेट असतं. ते त्वचेतून शोषलं जातं आणि वॉरफरिनचा परिणाम वाढवतं. ५ मिली गंधपुरा तेलात ३२५ मिग्रॅच्या वीसहून जास्त ॲस्पिरिन गोळ्यांइतकं सॅलिसिलेट असतं. वास हवा म्हणून ते गुडघ्यांच्या तेलात घालू नका, आणि घरचं तेलही लावण्याआधी त्यांच्या डॉक्टरांना विचारा.

कोरांटी:
खूप उपयोगी माहिती, आभार. अजून दोन शंका. रोल-ऑनला बदामाऐवजी खोबरेल चालेल का? आणि सर्दीत वाफेच्या पाण्यात अमृतधारा टाकतात, ते कितपत बरोबर?

मोजूनमापून:
खोबरेल २४ अंशांच्या खाली गोठतं. डिसेंबरात रोल-ऑनची गोळी फिरेनाशी होते, मग लोक जोर लावतात आणि गोळीच निखळते. बदाम तेल गोठत नाही. पण ते वर्षभरात खवट होतं, म्हणून १० मिलीपेक्षा जास्त एका वेळी करू नका आणि बाटलीवर तारीख लिहा.

मावळतीचा वारा:
वाफेत अमृतधारा नको. ती पाण्यात मिसळत नाही, वर तवंग धरते आणि पहिल्या वाफेबरोबर सगळी एकदम डोळ्यांत जाते. नुसत्या वाफेनेही नाक मोकळं होतं. वास हवाच असेल तर रुमालावर निलगिरीचा एक थेंब टाका आणि रुमाल हातभर लांब ठेवा. वाफेचं भांडं टेबलावर भिंतीच्या बाजूला ठेवा, मांडीवर किंवा पलंगावर कधीच नाही. आणि मुलगा खोलीत असताना वाफ घेऊ नका.