नवख्या नर्सला कमी पगाराची रेसिडेन्सी: सही करण्याआधी काय बघावं?

प्रश्न: नर्सिंग नुकतंच संपलेल्यांना वर्षभराची रेसिडेन्सी (हॉस्पिटलमध्ये काम करत शिकण्याची नोकरी) देतात. पगार स्टाफ नर्सपेक्षा बराच कमी, वर दोन वर्षांचा बॉण्ड (आधी सोडलं तर ठरलेली रक्कम भरायची). काय तपासून घ्यावं?

उत्तर १: आधी प्रिसेप्टरचं, म्हणजे सोबत राहून शिकवणाऱ्या अनुभवी नर्सचं, विचारा. किती आठवडे सोबत असणार, आणि त्या काळात तुम्हाला ड्यूटी लिस्टमध्ये पूर्ण नर्स म्हणून धरतात का? धरलं की शिकणं संपलं. आठ पेशंट अंगावर पडतात आणि इन्सुलिनचा डोस दुसऱ्या डोळ्यांनी तपासायलाही कुणी मोकळं नसतं. आयसीयूत तर वॉर्डपेक्षा जास्त आठवडे लागतातच. तिथे महिन्याभरात एकटं सोडणार असतील तर सरळ नाही म्हणा.

उत्तर २: पगार तासावर काढा. १२ तासांची ड्यूटी, हँडओव्हरचा (पुढच्या पाळीला पेशंट सोपवण्याचा) अर्धा तास, सुट्टीच्या दिवशीचे क्लास, सगळं धरून भागा.

उत्तर ३: बॉण्डची रक्कम महिन्यागणिक उतरायला हवी. २४ पैकी १८ महिने भरले तर पावच उरली पाहिजे. मूळ सर्टिफिकेटं अजिबात जमा करू नका, झेरॉक्स द्या.

उत्तर १: आणि पूर्ण पगार कोणत्या तारखेपासून, तेही ऑफर लेटरमध्ये लिहून घ्या.