अ‍ॅपने धर्म बघून गिऱ्हाईक नाकारलं तर?

अंधेरीकर:
भाड्याच्या घरांच्या एका अ‍ॅपवर मैत्रिणीने फ्लॅट पसंत केला. नाव ऐकताच दलाल म्हणाला, "सोसायटीत मुस्लिम चालत नाहीत." अ‍ॅपवाल्यांचं उत्तर: आम्ही फक्त जाहिरात दाखवतो. माझ्या मते हे सरळ घटनाविरोधी आहे. कलम १५(२) नुसार धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला दुकानात, हॉटेलात अडवता येत नाही. खासगी मालकालासुद्धा नाही. आणि दुकान म्हणजे मागेल त्याला सेवा देणारी जागा, हे बाबासाहेबांनी २९ नोव्हेंबर १९४८ ला संविधान सभेत सांगितलंय. न्हावी, धोबी, डॉक्टर सगळे त्यात आले. मग अ‍ॅप का नाही?

कोर्टाचीपायरी:
तत्त्व मान्य. पण १५(२) मोडलं तर शिक्षा काय? कलमात काहीच नाही. १९५५ चा नागरी हक्क संरक्षण कायदा आहे, तो अस्पृश्यतेपुरता. शिवाय घर म्हणजे दुकान नव्हे. अहमदाबादच्या सोसायटीचा 'सभासद पारशीच हवा' हा नियम २००५ मध्ये सुप्रीम कोर्टाने वैध ठरवला.

अंधेरीकर:
घर नसेल दुकान, अ‍ॅप आहे ना! पैसे घेताना दुकान आणि तक्रार आली की नुसती जाहिरातींची भिंत? २०११ मध्ये सुप्रीम कोर्टाने बाबासाहेबांचाच अर्थ धरून १५(२) खासगी कॉलेजला लावलं होतं.

मिसळपार्टी:
आणि ओयो? जानेवारी २०२५ मध्ये मेरठपासून सुरुवात करून हॉटेलांना अविवाहित जोडपी नाकारायची मुभा दिली.

कोर्टाचीपायरी:
लग्न झालंय की नाही, हे १५(२) च्या यादीतच नाही. बोंब मारा खुशाल, पण घटनेला मध्ये आणू नका.

चष्मेवाली:
नकार द्यायला माणूसच लागतो असं नाही. केवायसीसाठी, म्हणजे ओळख पटवायला, स्क्रीन म्हणते 'डोळे मिचकवा'. अ‍ॅसिड हल्ल्यात डोळ्यांना इजा झालेल्या बाईने काय करायचं? ती कोर्टात गेली आणि ३० एप्रिल २०२५ ला सुप्रीम कोर्टाने डिजिटल सेवा मिळणं कलम २१ मध्ये, म्हणजे जगण्याच्या हक्कात धरलं. तिच्या पाठीशी २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा होता, खासगी कंपन्यांनाही लागू असलेला. तृतीयपंथीयांसाठी २०१९ चा आहे. धर्मावरून घर नाकारलेल्याच्या हातात असा कुठला कायदा आहे, सांगा!

कोर्टाचीपायरी:
तेच तर म्हणतोय. करा कायदा. फक्त माझ्या आईच्या घरातली एक खोली भाड्याने द्यायची, तर भाडेकरू तिला निवडू दे.

अंधेरीकर:
तुमच्या आईला सूट देऊ. अख्खी इमारत भाड्याने लावणाऱ्या बिल्डरला नको, आणि त्याची जाहिरात चालवणाऱ्या अ‍ॅपला तर नकोच नको.